आपांची डिस्क

१९ ऑक्टोबर, गुरुवार

दुकानाचं शटर पुरतं वर गेलं नव्हतं, तोच रुखसाना आपा हजर. माझे पार्टनर सलीमभाई, त्यांच्या मोहल्ल्यातल्या. उर्दू शाळेत विज्ञान शिकवायच्या, आता रिटायर. रुमालात गुंडाळून हार्ड डिस्क आणलेली, जणू आत काचेचं काही आहे.

आत त्यांच्या अब्बांच्या नक्ष्या. अब्बा हिमरू शालींचे विणकर, नव्वदीला टेकलेत. आयुष्यभर चौकटीच्या कागदावर काढलेल्या कोयऱ्या, वेलबुट्ट्या. कागद वाळवीनं खाल्ले. नशीब, त्याच्या आधी आपांच्या भाच्यानं सगळे स्कॅन करून ठेवले होते. तोच भाचा आता घरात परत माग लावतोय. लाकूड आलं, सूत आलं, कारागीर ठरला. अन् डिस्क उघडंना.

मी लावून बघितली. जिवंत आहे. म्हटलं, "आपा, सगळं आहे आत. दार तेवढं अडकलंय. काढून देते."

"अब्बा रोज पूछते बेटा, मेरे फूल कब आते." केवढ्या खुशीत गेल्या.

डिस्कच्या पोटावर त्यांच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. आधी कॉपी काढायची, मग बाकीचं, हा माझाच नियम. उद्या काढते.

२१ ऑक्टोबर, शनिवार

वाळूजच्या कंपनीचं खोकं आलं. जुने कॉम्प्युटर विकणार आहेत, त्यातल्या डिस्क कोऱ्या करून पाहिजेत. लोकांचे पगार, आधार, दवाखान्याची बिलं, सगळं त्यात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी द्यायच्या. मोठं काम, पहिल्यांदाच आलंय.

बसून एकेकीला लाल ठिपका दिला. आमच्या दुकानाची खूण ती. ठिपका असेल तर पुसायची, नसेल तर हात लावायचा नाही. माझी वाळत आलेली नेलपॉलिश त्यालाच वापरते.

सलीमभाईंशी वाजलं. पार्टनर असले म्हणून काय झालं! ते काउंटर आणि रिपेअरिंग बघतात, डेटाचं मी. म्हणे, "फॉरमॅट मार दे ना वैशाली. कौन देखता?" लई राग आला. नुसत्या फॉरमॅटनं काही जात नाही, वरची पाटी तेवढी निघते. माणूस आतच असतो. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं भरते, मग परत तपासते. मी पुसलेलं ब्रह्मदेवाला सापडणार नाही, असं ठणकावून सांगितलं. ते हसले. "हौ मॅडम, हौ."

आपांची डिस्क टेबलाच्या कोपऱ्यात. कॉपी राहिलीच.

२३ ऑक्टोबर, सोमवार. खंडेनवमी

दुकानात जाता आलं नाही. सासूबाईंना ताप. हे नेमके जालन्याला. दुकानातल्या हत्यारांची पूजा राहणार म्हणून जीव खालीवर. इतक्या वर्षांत कधी चुकली नाही.

सलीमभाईंचा फोन. "तू घर पे रह. मैं कर लेतूं. हर साल देखतूं ना तेरेकू." मग फोटो पाठवले. टेबल लख्ख पुसलेलं. स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंग गन, पक्कड, मॉनिटर, सगळं ओळीनं मांडून त्यावर झेंडूची फुलं. प्रत्येकाला हळदीकुंकू. बोट जरा जाडच लागलंय. फोन करून म्हणाले, कुंकू पाण्यात कालवून लावलं, सुकं असतं तर पंख्यानं उडून मशीनमध्ये गेलं असतं. "और वो कंपनी वाली डिस्कां को नहीं लगाया. उनको तो तूनेच टिक्का लगा दिया है."

हसता हसता डोळ्यांत पाणी आलं माझ्या. सासूबाईंना फोटो दाखवले. म्हणाल्या, गुणाचा आहे गं तो.

२४ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा

सकाळी तासभर दुकानात. घरी पुरण शिजत टाकून आलेली, त्यामुळं सगळी धांदल. टेबलावर लाल ठिपक्याच्या जेवढ्या डिस्क दिसल्या तेवढ्या उचलल्या, मशीनला लावल्या, चालू केलं. उद्यापर्यंत होतील.

सलीमभाईंना सोनं दिलं. त्यांनी आपट्याची पानं शर्टाच्या खिशात नीट ठेवली. त्यांच्या घरी पुरणपोळ्या पाठवल्या.

२५ ऑक्टोबर, बुधवार

आज लिहायची इच्छा नाही. लिहिते तरी.

सगळ्या डिस्क पुसून झालेल्या. कंपनीच्या खोक्यात परत भरल्या, एकेका खाचेत एकेक. खाचा संपल्या. हातात एक उरली.

उलटी केली. पोटावर चिठ्ठी. रुखसाना आपा.

सरळ केली. वर लाल ठिपका. नखानं खरवडला तर भुगा झाला. नेलपॉलिशचा भुगा होत नाही. कुंकू होतं ते.

पूजेत तीही ओळीत मांडली गेली असणार. त्यांनी सगळ्यांना लावलं, हिलाही लावलं. आणि मी आंधळीनं उचलून लावली पुसायला. उलटी करून बघायला किती वेळ लागतो? पण पुरण करपलं असतं ना माझं!

मशीनवर तपासलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्य. चोख काम. सलीमभाईंचं ऐकून नुसतं फॉरमॅट मारलं असतं, तर आज अब्बांची प्रत्येक कोयरी परत आली असती. काय मेली मिजास ती माझी!

सलीमभाई खोकं घेऊन वाळूजला गेले. ते बाहेर पडल्यावर मी ओल्या फडक्यानं डिस्कवरचं कुंकू पुसून टाकलं. का पुसलं? कुणी सांगितलं होतं?

२६ ऑक्टोबर, गुरुवार

माहीत असूनही दिवसभर तेच. आहेत तेवढी सगळी सॉफ्टवेअर लावली. काही नाही. कॉपी काढायला दोन दिवस होते माझ्याकडं, दोन.

सलीमभाईंनी विचारलं, "आपा की डिस्क का क्या?"

"चालू आहे," म्हटलं. मान वर केली नाही.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

सलीमभाई जुम्म्याच्या नमाजला निघाले होते. परत विचारलं. आज आपा तिथंच रस्त्यात भेटतील म्हणाले. मी म्हटलं, "गेली. आपोआप बंद पडली. जुनीच होती."

त्यांनी डिस्क हातात घेतली, फिरवून बघितली, परत टेबलावर ठेवली. मशीनला लावूनसुद्धा बघितली नाही. माझ्या शब्दावर गेले. खोटं बोलावं तर अशा माणसाशी बोलावं, एका झटक्यात खपतं. थू माझ्यावर.

२८ ऑक्टोबर, शनिवार

आपा आल्या. मी आतल्या खोलीत, पडद्यामागं. बाहेर गेले नाही.

सलीमभाई म्हणाले, "आपा, गलती मेरी है. पूजा के दिन टेबल साफ करते वक्त मेरेच हाथ से गिरी होगी. मेरेकू याद नहीं, पर मैंनेच उठाई थी."

मी पडद्यामागं उभी. एक पाऊल टाकायचं होतं फक्त.

आपा चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. "सलीम, तेरे भरोसे दी थी रे. अब्बा को क्या बोलूं?" डिस्क रुमालात गुंडाळून घेऊन गेल्या.

सलीमभाई आत आले. मला म्हणाले, "तू मत सोच. पानी पी." मीच रडत होते, काय करणार! त्यांना वाटलं, आपांसाठी रडतीये.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

आपांचे भाऊ मोहल्ल्यात सलीमभाईंच्या सलामाला जवाब देत नाहीत. त्यांनी सांगितलं नाही, त्यांच्या बायकोकडून कळलं. मुमताजभाभी फोनवर म्हणाल्या, "ये सोते नहीं. बोलते, कैसे गिरी, याद क्यों नहीं आता."

मी स्वतःला सांगत होते की खरं सांगितलं तर त्यांना जास्त लागेल, कुंकू त्यांनीच लावलेलं. इतक्या प्रेमानं केलेली पूजा. त्यांचं मन मोडू नये म्हणून गप्प आहे, म्हणे. काय सोयीचं कारण शोधलं गं बाई! कुंकवानं डिस्क पुसत नसते. चिठ्ठी न वाचणारी मी, कॉपी न काढणारी मी.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, नवी डिस्क देऊन टाक. ह्यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

२ नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं. शटर अर्धं ओढून घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं. पुसण्यापासून फडक्यापर्यंत सगळं.

सलीमभाई स्टुलावर बसले. आधी एवढंच म्हणाले, "मतलब, गिरी नहीं थी?" चेहऱ्यावरचं ओझं सरसर उतरलेलं दिसलं मला. सहा दिवस या माणसाला मी काय केलं!

मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. स्वतःच्या बोटाकडं बघत राहिले. मी म्हणत होते, तुमची चूक नाही, तुमची काहीच चूक नाही. ते ऐकत नव्हते बहुतेक.

म्हटलं, "उद्या आपांकडं जाते. सगळं सांगते."

"नक्को."

मला वाटलं, रागानं म्हणतायत. राग नव्हता. "वैशाली, गिरी बोले तो लोगां दो महीने में भूल जाते. कुंकू लगाया बोले तो जिंदगीभर हँसते. और एक-दो जन हँसते भी नहीं. मेरे लड़के का रिश्ता चल रहा है. मेरे हाथ से गिरीच रहने दे."

एक क्षण मला बरं वाटलं. अगदी खरं लिहायचं तर हायसं वाटलं. त्यांनीच नको म्हटलं, मी तर तयार होते! मग दिवसभर अन्न गेलं नाही.

४ नोव्हेंबर, शनिवार

आपा आज परत आल्या. सलीमभाई काउंटरवर होते, त्यांच्याकडं न बघता सरळ माझ्या टेबलाशी. रुमाल उघडला, डिस्क ठेवली.

"भांजे ने लगाके देखी. अच्छी चल रही है. आवाज भी नहीं करती. बस खाली है." आणि शाळेत फळ्याजवळ उभ्या राहून विचारावं तसं विचारलं, "गिरी हुई डिस्क खाली कैसे होती, बेटा?"

विज्ञानाच्या बाई त्या. मला आधीच कळायला पाहिजे होतं.

सलीमभाईंची पाठ आमच्याकडं. गिऱ्हाईकाचा चार्जर हातात, हात थांबलेला.

म्हटलं, "पडली नाही, आपा. मी पुसली. दुसऱ्यांच्या डिस्क पुसायच्या होत्या, त्यात तुमची लावली. कॉपी काढते म्हणाले होते, तीपण काढली नाही. सलीमभाईंनी काही केलेलं नाही."

"कायको?" दुसऱ्यांच्यात कशी गेली, हेच त्यांना कळंना.

"चिठ्ठी वाचली नाही."

"इतनाच?"

"हो. इतकंच."

माझं अर्धं खरं. कुंकू गिळलं. ते गिळायचं की नाही, हे मी एकटीनं ठरवायचं नव्हतं, म्हणून गिळलं. का अजूनही स्वतःलाच वाचवतीये? ठिपका बघून फसले म्हटलं असतं तर माझी चूक थोडी कमी दिसली असती, म्हणजे वाचवत नाहीये. का यातही एक थोरपणा मिरवतीये? काही कळत नाही. डोकं फुटेल.

मला वाटलं आपा ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "सलीम को सब के सामने शर्मिंदा किया मैंने." मग त्यांच्याकडं वळल्या, काहीतरी बोलणार होत्या. सलीमभाईंनी चार्जर खाली ठेवला आणि चहा सांगतो म्हणून बाहेर निघून गेले.

मी म्हटलं, काय करू सांगा. भाच्यासाठी दुसरीकडं कुठं या नक्ष्या असतील तर शोधते, कुणाच्या घरी जुनी शाल असेल तर तिचे फोटो काढून देते, वाट्टेल ते करते.

"वो बाद में." रुमालाची घडी घातली. डिस्क उचलली नाही. "अब्बा को अभी तक कुछ नहीं बोली मैं. रोज बोलती, बन रही है, बन रही है. अब तूच बोल. मेरे से नहीं होता."

उद्या अकरा वाजता जायचंय. भाचा असेल, भाऊ असतील, सगळं घर असेल. मी हो म्हटलं.

दारातून परत वळल्या. म्हणाल्या, "अब्बा को कम सुनाई देता. जोर से बोलना पड़ता."