कुंडीबाहेरची झाडं

॥ श्री ॥
गाझियाबाद, ७ एप्रिल २०२४

चि. सौ. अपूर्वा हिस,
आजीचे अनेक आशीर्वाद वि. वि.

बोलते आहे मी, लिहिते आहे तुझी आई. मला अक्षर येत नाही, पण तिने एखादं वाक्य गाळलं की लगेच कळतं. चेहरा फार सज्जन होतो तिचा. फोनवर तू नुसतं हो हो करतेस, म्हणून हे पत्र.

रिटायर झाल्यावर तुझ्या बाबांनी हौसेने हे घर घेतलं, आणि आता विकून पुण्याला जायचं म्हणतात. एजंट खोल्या बघून गेलासुद्धा. तुझ्या आईची झाडं अजून कुंड्यांतच आहेत. बदलीची ऑर्डर आली की कुंडी उचलायची आणि ट्रकमध्ये ठेवायची, ही क्वार्टरमधली सवय काही जात नाही. (हे लिहिताना नाक मुरडलंन.)

गेटपासून गाडी आत येते ना, त्या वाटेच्या कडेला भिंतीलगत हातभर माती आहे. तिथे मला काहीतरी लावायचंय. उंच नको, गाडीचं दार उघडायला हवं. जमिनीसरसं पसरणारं आणि वर्षानुवर्षं टिकणारं हवं. तू बागेचे व्हिडिओ बघतेस, सुचव काहीतरी.

नातजावयाला, नचिकेतला, आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आजी

पुणे, २१ एप्रिल २०२४

ती. आजीस,
अपूर्वाचा सा. न. वि. वि.

आईचं अक्षर आणि तुझे टोमणे, मजा आली वाचताना. आमच्या सोसायटीत वेडेलिया आहे, पिवळ्या फुलांचा नुसता गालिचा. पण तो भरायला वर्ष जातं. यार आजी, घर विकायचंच आहे तर झेंडू लाव ना.

रागावू नकोस. मला तुम्ही इथे हवे आहात. ऑक्टोबरअखेर तू पणजी होशील. सगळे विचारतात, पहिलं बाळंतपण माहेरी ना? माझं माहेर कुठे म्हणून सांगू? दर बदलीला नवं दार. म्हणून मीच बाबांच्या मागे लागले, विका आणि या.

पाया पडते. लोभ आहेच, तो दुपटीने हवा आता.

तुझी,
अपूर्वा

॥ श्री ॥
गाझियाबाद, ११ ऑगस्ट २०२४

चि. सौ. अपूर्वा हिस,
दोन जिवांना आशीर्वाद वि. वि.

तुझा वेडेलिया लावला होता. मेच्या लूमध्ये, इथल्या भाजणाऱ्या वाऱ्यात, अर्धा करपला. पुण्याचं झाड, पुण्यासारखंच नाजूक. मग नर्सरीवाल्याने मोठ्या कौतुकाने एक जांभळ्या फुलांची, जमिनीवर लोळणारी वेल दाखवली. इंग्रजी नाव, तोरा केवढा. मी पान चुरगळून वास घेतला, तर आपली घाणेरी! गावाकडे शेळीसुद्धा तोंड लावत नाही. पोट धरून हसले आणि घेऊन आले. ती उन्हाला बधली नाही, गेटपर्यंत पोचलीय.

दाराजवळ मात्र ती नको म्हटलं. पोरं काहीही तोंडात घालतात. तिथे खोकल्याला लागणारा पानओवा बरा. तो तुझ्या आईच्या कुंडीत होता, म्हणून मी गप्प बसले.

परवा गिऱ्हाईक आलं. घर आवडलं, पण ही माती उकरून सिमेंट करू, दुसरी गाडी मावेल, म्हणालं. इतके दिवस तुझे बाबा झाडांबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. ते तिथेच उभे राहून म्हणाले, "ये जगह ख़ाली नहीं है. मेरी बेटी आने वाली है."

गिऱ्हाईक गेलं. एजंटलाही नको म्हणून कळवलंय. तेव्हा माहेर कुठे म्हणून विचारू नकोस. सातवा लागलाय, याच महिन्यात निघ. नचिकेतला सांग, रजा काढून पोचवायला ये. नंतर आम्हाला पुण्याला घेऊन जायचं म्हणशील, तेव्हा भांडू आपण.

आणि एक. काल तुझ्या आईने पानओव्याची कुंडी आपणहून अंगणात आणली. मुळं इतकी गच्च बसली होती की निघेनात. शेवटी तिने कुंडीच फोडली आणि झाड दाराजवळ मातीत लावलं. नवी कुंडी आणायची का, म्हणून मी मुद्दाम विचारलं. आता कशाला, म्हणाली.

हे वाक्य तिने अगदी सावकाश, कोरून लिहिलंय, बघ.

वाट बघते. लोभ घेऊनच ये.

तुझी,
आजी