पाळकांच्या जेवणातले चार डबे

मंगळवार, ४ फेब्रुवारी

इथला भर उन्हाळा, पारा चाळीसच्या वर आणि खुर्च्या आत! अन्नमदत केंद्राच्या हॉलमध्ये पंधरा रिकाम्या, वर पंखे गरगरतायत, आणि सामानाची पिशवी न्यायला आलेली माणसं बाहेर पत्र्याखाली उभी. म्हटलं, म्हाताऱ्यांना तरी आत घेऊ या. केंद्र चालवणारी ग्लेनिस म्हणाली, "आत बसवलं की उठत नाहीत ही."

ही म्हणजे कोण? निम्मी तर आमच्या टोंगन चर्चची.

नावानं कुणाला हाक नाही. नंबर. "ए एकोणीस, इकडे ये." एकोणीस म्हणजे लोसालिनेमावशी, अडुसष्ट वर्षांची. तिला चाळीस माणसांदेखत विचारलं – "मुलगा अजून तुरुंगातच ना? नाती तुझ्याकडेच?" मावशीनं खाली बघत हो म्हटलं. एका माणसानं मासळीचा डबा बदलून मागितला, बायकोला मासे चालत नाहीत म्हणून. "फुकटचं घेताना आवडीनिवडी?" डबा गेला परत कपाटात.

मी यादीवर खुणा करत बसले. मूग गिळून. मार्चपासून नोंदणीच्या टेबलावरची पगाराची जागा निघतेय. "तुझाच विचार आहे, आकानेसी," ग्लेनिस म्हणते, "फक्त कटकट नको." तीन वर्षं फुकट राबल्यावर आता कुठे! घरात पगार हवाच आहे. लेकीचं, वीकाचं कॉलेज अजून दोन वर्षं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

या रविवारीही केंद्राचं प्रशिक्षण. लागोपाठ तिसरा. चर्चमध्ये माझा चेहरा विसरतील.

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रशिक्षण उरकून धावतपळत चर्चला पोचले तर उपासना झालेली, ती घेणारे पाळकसाहेबही जेवून उठलेले. म्हटलं, निदान भांडी तरी घासू. मागं मोरीवर मावशी एकटी, हात कोपरापर्यंत फेसात. शेजारी अळूच्या पानात मांस शिजवून केलेल्या लूचं पातेलं, खरवडून संपलेलं. आणि कचऱ्यात खारवलेल्या मांसाचे चार रिकामे डबे. निळा शिक्का – आमच्या केंद्राचा.

चार! पंधरवड्याच्या एका पिशवीत दोनच येतात. म्हणजे महिन्याभराचे नातींच्या तोंडात न घालता साठवले. पाळकांच्या रविवारच्या जेवणाची पाळी घरोघर फिरते, आमची मार्चात; ती आली की कुणी कुरकुरत नाही, हे खरं. पाळी चुकली तर आख्ख्या घराची मान खाली, पार मायदेशी टोंगापर्यंत बोभाटा. पण इतकं? मला तिचा अभिमान वाटला. शेजारी उभी राहून भांडी विसळली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

माझ्या जिभेला हाड नाही.

चहाच्या वेळी ग्लेनिस नेहमीचं ऐकवत होती – ही माणसं फक्त घेतात, द्यायचं यांना ठाऊकच नाही. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "एकोणीस नंबरनं स्वतःचे चार डबे पाळकांच्या पानात वाढलेत रविवारी. तू देशील असं?" केवढ्या तोऱ्यात बोलले मी!

तिनं कप खाली ठेवला. "म्हणजे तिच्याकडे वाटायला आहे."

मी समजावत राहिले, आमच्यात असं असतं, तसं असतं. ती हसून म्हणाली, "बरं झालं सांगितलंस."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

ग्लेनिसनं मावशीचं कार्ड बाहेर काढून वेगळं ठेवलंय. वर लाल रेघ. विचारलं तर म्हणते, "तू नको डोकं शिणवू."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

मावशीला आधीच सांगून ठेवावं म्हणून निघाले. त्यांच्या कोपऱ्यावरच्या लाँड्रीपर्यंत गेले आणि परत आले. काय सांगणार? की तुमच्या घासावर मी कुऱ्हाड घातली? घरी येऊन शेगडी घासली. दुपारी पुन्हा घासली. वीका म्हणाली, "आई, त्या शेगडीनं तुझं काय घोडं मारलंय?"

रविवार, १६ फेब्रुवारी

चर्चला गेले नाही. डोकं दुखतंय म्हटलं. दुखत नव्हतं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

केलंच तिनं. फाटकातच. मावशी चाकांची पिशवी ओढत पुढं आली, सोबत धाकटी नात. ग्लेनिस सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी – "आमचं सामान दुसऱ्यांना जेवू घालतेस ना? मग तुला गरज नाही. जा." मावशीनं वर बघितलं नाही. वादावादीत समोरच्याच्या डोळ्यात बघायचं नाही, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. ग्लेनिस मला म्हणते, "बघ, नजर देत नाही. चोराच्या मनात चांदणं."

एक शब्द बोलली असती मावशी! काहीही – माझी पाळी होती, आमची रीत आहे, मी भुकेनं मरेन. रिकामी पिशवी वळवली आणि गेली. नात मागं वळून बघत होती, माझ्याकडे.



गुरुवार, २० फेब्रुवारी

मावशीची पिशवी सहा महिने बंद करायची तर केंद्राच्या समितीला लेखी लागतं. ग्लेनिसनं कागद पुढं सरकवला. "डबे तूच पाहिलेस. यात खोटं काय आहे? सांग."

खोटं काहीच नव्हतं. तेच तर.

त्याच्याच खाली नोकरीचा अर्ज. तिनं दोन्हींवर पेन ठेवलं आणि फोन घ्यायला बाहेर गेली. मला वाटलं, उठावं, जावं. मग दोन्हींवर सही केली. हे लिहितानाही हात धुवावेसे वाटतायत.

शनिवार, २२ फेब्रुवारी

गेले शेवटी. तांदूळ, दूध, अंडी, कोंबडी घेऊन. मावशीनं पिशवी दारातच उघडून बघितली. "तुझ्या घरचं ना? केंद्रातलं नाही? मग ठेव."

बसवलं. चहा, पाव. नाती नुसता भात खात होत्या, त्यावर साखर. मी एका दमात सांगून टाकलं – डब्यांचं मीच बोलले, वाईट हेतू नव्हता. ती पावाला लोणी लावत राहिली. म्हणाली, "ठाऊक आहे, पोरी. त्या मोरीवर तू नि मी दोघीच होतो."

"पण का केलंत हो मावशी? पाळकसाहेबांना सांगायचं, यंदा जमत नाही. त्यांनी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"रविवार होता. पाळक काय उपाशी उठणार होते?" आणि पावाची बशी माझ्याकडे ढकलली. "खा. वाळलीस किती."

सहीचं नाही सांगितलं. तोंडात पाव होता, हे काही कारण नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

पाळकबाई, साहेबांच्या पत्नी, नऊ तारखेच्या जेवणानंतर ब्रिस्बेनला लेकीकडे गेलेल्या, आज भेटल्या. हॉलमध्ये सगळे जेवत होते. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. वाइनिकोलोंच्या घरचे मयतीला टोंगाला गेले म्हणून त्यांची नऊ तारखेची पाळी तुझ्या घरावर आली, तुझी मार्चातली त्यांनी घेतली, म्हणाल्या, आणि तुला प्रशिक्षणाच्या गडबडीत कुणी कळवलंही नसेल असं वाटत होतं. "तरी लोसालिनेच्या हाती सगळं पाठवलंस! तिनं निक्षून सांगितलं, हे आकानेसीच्या घरचं आहे. साहेबांनी प्रार्थनेत तुझ्या घराचं नाव घेतलं."

मावशी पलीकडे ताटं पुसत होती. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली – नको.

मी बोलले. सगळ्यांसमोर, सहीपर्यंत सगळं.