उंबराच्या वरच्या अंगाला

अब्बा, काल दुपारी चुलतभावाने गावाहून, पठारावरून व्हिडिओ कॉल लावला. तुम्ही गेलात तेव्हा तो पाळण्यात होता, आणि त्याच्याआधीचं आता कुणी उरलं नाही. प्लॉट पाडणाऱ्यांनी कब्रस्तानाची चढण खरवडून सपाट केली आहे. मशीनवाला चहा पिईपर्यंत थांबतो म्हणाला होता. "आपा, चाचांची जागा सांग. तिथली माती तरी खालच्या मशिदीजवळ नेतो."

मी इथे कोथरूडच्या स्वयंपाकघरात फोन धरून उभी, आणि मला दिसत होतं ते आपलं जुनं स्वयंपाकघर. तुम्ही मार्केट यार्डातून दमून येता, अम्मीच्या परातीतलं पीठ चिमटीने फरशीवर सोडता आणि मला गाव दाखवता. पालथी वाटी म्हणजे डोंगर, लाटणं म्हणजे ओढा, मिठाचा खडा म्हणजे आपलं घर. अम्मी म्हणते, पीठ खायचं असतं, त्यात गावं वसवायची नसतात. तसाच नकाशा मी कॉन्व्हेंट शाळेत काढला, डोंगर वरच्या बाजूला, तर सिस्टरने त्यावर लाल रेघ ओढली. वर उत्तर असते म्हणे. तुम्ही हसलात. "सिस्टरना सांग, आमच्याकडे वर फक्त डोंगर असतो." खरंच, तुमच्या गावात डावं-उजवंसुद्धा नव्हतं. विहीर खालच्या अंगाला, मशीद खालच्या अंगाला, आपलं घर वरच्या अंगाला.

तुमचा जनाजा वर गेला तेव्हा आम्ही बायका ओसरीवरच थांबलो. परत आल्यावर माझ्या चाचांनी, तुमच्या भावाने, सांगितलं, उंबराच्या वरच्या अंगाला, दादीच्या पायाशी. एवढ्या शब्दांवर मी इतकी वर्षं निर्धास्त होते. तुम्ही कुठे आहात हे मला ठाऊक आहे, असंच मला वाटत होतं.

काल फोनमध्ये उंबर नव्हता. दगड एका कडेला ढीग करून टाकलेले, बाकी सगळीकडे सारखी लाल माती. मी म्हणत राहिले, चढ कुठून सुरू होतो ते बघ, त्याच्या वर जा. "आपा, चढच राहिला नाही. पूर्वेला की पश्चिमेला, तेवढं सांग." भूगोलात मी कायम पहिली यायचे, अब्बा. मला सांगता आलं नाही. मशीन सुरू झालं.

"तिथेच," मी म्हणाले, "तुझ्या पायाशी." त्याने बसून रुमालात माती भरली. आज जुम्म्याच्या नमाजानंतर खालच्या मशिदीजवळ त्या मातीवर फातिहा पढतील. त्याला हे मी कधीच सांगणार नाही, आणि हा कागद तुम्हाला पाठवायचा तर कुठे, तेही आता कळत नाही. तो जिथे उभा होता तीच जागा मी सांगितली. दोन पावलं सरकून उभा असता, तर तीही तुमचीच म्हणाले असते.