हातभर कोरडी खडी

३ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. काल वर्गातल्या मुलांना सुरय पक्षी दाखवायला आपल्या खाणीच्या तळ्यावर आणलं, तर पलीकडचा खडीचा पट्टा पाण्याखाली! अंडी सगळी गेली आणि पक्षी वर घिरट्या घालत ओरडत होते. नावा धक्क्यापर्यंत याव्यात म्हणून तू पाणी सोडायचं दार लावलंस ना? मुलांना काय सांगू, हा माझ्या सख्ख्या भावाचा पराक्रम आहे? दार उघड. या मोसमात ते अजून एकदाच अंडी घालतील.

लोभ आहे म्हणूनच एवढी चिडले आहे.
ताई

७ मे

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र कसलं, चाबूकच तो! पलीकडे जाऊन बघायला हवं होतं, ते चुकलं. पण दार उघडणार नाही. पाणी उतरलं की नावा चिखलात रुततात आणि म्हाताऱ्या माणसांना उचलून उतरवावं लागतं. बाबांच्या या खाणीतली खडी संपल्यावर तिला कुत्रं विचारत नव्हतं. गावाचा कचरा इथे येणार होता. माणसं नावेत बसायला येऊ लागली म्हणून तो टळला. हे तू सोयीस्कर विसरतेस!

भाऊजींना नमस्कार. तुला नंतर कधीतरी.
धाकटा

१० मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, दातओठ खाऊन.

बाबांनी हा खड्डा तुझ्या एकट्यासाठी खणला नाही. पक्षी अजून त्याच जागी उतरायला बघतात, पाय टेकत नाहीत, पुन्हा उडतात. त्यांना हातभर कोरडी खडी हवी आहे. तेवढीही देता येत नसेल, तर मी तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही.

ताई

१९ मे

ती. ताईस,
शि. सा. न.

दार उघडलं नाही. धक्काच सोडवला. पिंपांवर तरंगणारा तो, ओढून मधोमध नेला, नांगर टाकला आणि वर बाबांच्या खाणीतली उरलीसुरली खडी पसरली. चार दिवस एकही पक्षी फिरकला नाही. तुला मनसोक्त लाखोली वाहिली. काल एक जोडी उतरली. आज मादी जागची हलत नाही.

आता गिऱ्हाइकं चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून नावेत चढतात आणि माझा उद्धार करतात. माझा राग गेलेला नाही. तरी रविवारी ये. एवढ्या शिव्या खायला मी एकटा पुरत नाही.

तुझाच,
धाकटा