दादाच्या दंडावरचा ताईत

कासार आंबोली, २१ फेब्रुवारी १९८१, संध्याकाळ

आज शेवटी करवत लावली. बंगल्यावरच्या साहेबांना कपाटात मांडायला हात हलणारा लाकडी पैलवान हवाय, आणि मी आठ दिवस खपून आमचा दादाच कोरून बसलो. दुसरा कोणी सुचला नसता का? तेच मातीत चेपलेले कान, दंडावर तोच ताईत, दोऱ्याच्या गाठीसकट. आणि हाताचा सांधा नेमका त्या ताईतातून जाणार.

सकाळी आईला दाखवला. तिनं ताईतावरून बोट फिरवलं. दादा आखातात कामाला निघाला तेव्हा तिनंच तो बांधला होता. वाटलं, म्हणेल, कापू नको. तर म्हणाली, "समदं त्याचंच हाय. पन ह्यो असा गप उभा ऱ्हायचा व्हय रं?"

खरंय. दादा गप कधी उभा होता? घरातसुद्धा शड्डू ठोकत शिरायचा. तीन वर्षं झाली. आता पत्रंही येत नाहीत.

कापला. अर्धा ताईत राहिला, अर्ध्याचा भुसा झाला. सांध्यात सायकलच्या ट्यूबचं रबर ताणून बसवलं. साहेबांना त्या ताईताचं काय कळणार? माझीच नजर तिथं जाते.

मग पडवीत बसून त्याचा हात वर नेला आणि सोडला. लाकडी पंजा मांडीवर खाडकन बसला.

आत आई भाकरी थापत होती. ते थापणं थांबलं. मी वाट पाहिली, पण पुन्हा सुरू होईना. मग तव्यावरची करपल्याचा वास आला.