निकेशच्या टायची गाठ

२२ जुलै, मंगळवार

कापला! नाशिकच्या गिऱ्हाइकाने मागचा धागा कापला! "मॅडम, लोंबत होता म्हणून कात्रीने उडवला." अरे बाबा, त्या एका धाग्यावर अख्खा टाय तोललेला असतो. आता उसवला, आणि वर म्हणे माल खराब निघाला. प्रत्येक पाकिटात चिठ्ठी घालते – धुऊ नका, इस्त्री फिरवू नका, धागा कापू नका. वाचतो कोण!

दुसऱ्या एकाचा मेसेज – "मेलेल्या माणसाचा तर नाही ना?" जुना टाय म्हटला की हा प्रश्न ठरलेलाच. लिहिलं, मालक धडधाकट आहे, पुण्यात असतो. खरंच असतो. चारुदत्त मला सोडून गेला तेव्हा भारी भारी परदेशी टाय कपाटात तसेच टाकून गेला. नव्या बाईकडे लागत नाहीत म्हणे. जुने टाय साफ करून विकायचा हा धंदा तिथूनच सुरू झाला. हा त्याचा शेवटचा. विकला की कपाटात सगळे परक्या माणसांचेच.

आज दिवसभरात बोलले ती फक्त कुरियरवाल्याशी. "सही इथे करू?"

२४ जुलै

करंजाड्याहून एक बाई आल्या, सत्यवतीबाई म्हणून. सुकापुरात टाय साफ करणारी बाई राहते हे त्यांना कोणी सांगितलं देव जाणे. पिशवीतून टाय काढला. गडद निळा, इटालियन रेशीम, माझ्यासारख्याच कुणाकडून वापरलेला घेतलेला असणार. बुरशीचे पांढरे ठिपके. गाठ बांधलेलीच होती. आपल्याकडे निम्म्या पुरुषांना ती येत नाही. एकदा कुणीतरी बांधून देतं, मग वर्षानुवर्षं सैल करून डोक्यावरून काढायचा आणि खिळ्याला अडकवायचा!

"माज्या निकेशचा हाय. होटेलान कामाला व्हता. कर्नाल्याच्या वलनावर बाईक घसरली नि गेला. पुडल्या महिन्यान वर्षश्राद्ध हाय, फोटोपाशी ठेवाचाय. हाय तसाच पायजेल मना."

मी म्हटलं, रंगाला धक्का लागणार नाही. त्या दारातूनच गेल्या. चहा तरी विचारायला हवा होता. आता सुचतच नाही मला.

२५ जुलै

पहिलं काम, गाठ सोडली. गाठीत रेशीम मरतं. मग बाल्कनीत मऊ ब्रशने बुरशी झटकली, किटलीची वाफ लांबूनच दिली, गुंडाळून ठेवला. छान उमललाय.

२८ जुलै

सत्यवतीबाईंचा फोन. "गाठ तेवडी सांबाला हां बाई. त्याच्या हातची हाय ना. रोज सकालची हात लावतंय मी तिला."

मी हो म्हणाले. हो म्हणाले!

गाठ तर मी तीन दिवसांपूर्वीच सोडली. 'हाय तसाच' म्हणजे काय ते आत्ता कळतंय. मला वाटलं, रंग. जन्म गेला टाय हाताळण्यात आणि साधं बोलणं कळलं नाही.

२९ जुलै

ठरवलं, गाठ पुन्हा बांधायची. कुणाला कळणार आहे! वर्षभराच्या गाठीच्या रेषा वाफ देऊनही पुसट राहतात, त्यांवरून जायचं. आरशासमोर उभी राहून गळ्यात घातला, बांधला. बसेना! रेषा एकीकडे, घडी भलतीकडे. पुन्हा केला, तेच. वैतागून टाय खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि समोर उभी राहून बांधला – तर प्रत्येक घडी आपापल्या रेषेवर.

जरा वेळाने डोक्यात प्रकाश पडला. स्वतः बांधला की रुंद टोक एका बाजूने फिरतं, दुसऱ्याने समोरून बांधला की बरोबर उलट. ही गाठ उलटी आहे. म्हणजे निकेशच्या समोर कुणीतरी उभं होतं.

चारूला मी रोज अशीच बांधून द्यायचे. बोटांना अजून सगळं येतं. खाली बसले आणि रडले. चारूसाठी नक्कीच नाही. बहुतेक नाही.

३० जुलै

डावखुऱ्याची गाठही अशीच उलटी पडते, म्हणून फोन करून विचारलं, निकेश डावखुरा होता का? "नाय. का वो?" म्हटलं, सहज.

२ ऑगस्ट

गाठ तयार आहे. हुबेहूब. देऊन टाकावी – बाईंना मुलाचा हात परत मिळेल, माझी अब्रू राहील. सांगायला गेले तर मुलाचा हातही जाणार. शिवाय जे त्याने स्वतः आईला सांगितलं नाही, ते सांगणारी मी कोण?

पण मग त्या रोज सकाळी हात लावणार तो माझ्या गाठीला. आणि खरं लिहू? क्षणभर बरं वाटलं! रोज कुणीतरी माझ्या हाताला हात लावील. शी! कुठल्या थराला गेले मी.

सोडली पुन्हा.

५ ऑगस्ट

त्यांना बोलावलं. चहा केला. सांगून टाकलं.

"सोडलीव?" एवढंच म्हणाल्या. टाय नाकाशी नेला. "वास बी गेला त्याचा." मनात म्हटलं, मारा मला, पण असं बघू नका.

मग बाकीचंही सांगितलं. खुर्चीवर करून दाखवलं. म्हटलं, ही त्याच्या हातची नव्हतीच. समोर उभं राहून कुणीतरी बांधली, फार मन लावून बांधली, गाठीखाली कापडाला सुरेख खळीसुद्धा पाडली आहे.

"मी तं नाय बांदली. मना येत बी नाय." मग आठवून म्हणाल्या, "तेराव्याला एक पोर आलती, होटेलातली. भितीला टेकून बसली, शितसुदा तोंडान नाय घातला. मना वाटला, कामावरची असंल."

चहा तसाच राहिला. टायही न घेता गेल्या.

११ ऑगस्ट

फोन नाही. टाय खुर्चीच्या पाठीवरच आहे. जेवताना समोर कुणी बसल्यासारखं वाटतं.

१७ ऑगस्ट

बेल वाजली. दोघी दारात! सत्यवतीबाई आणि एक सडपातळ मुलगी, हेतल. तेराव्याला आलेली तीच, निकेशच्या हॉटेलच्या रिसेप्शनवर असते. खुर्चीकडे बघूनच ती थिजली. सत्यवतीबाई म्हणाल्या, "बाई, तुमी उभ्या रावा." राहिले. हेतलने खुर्चीवरची गाठ सोडून टाय माझ्या गळ्यात घातला आणि बांधू लागली. एकही घडी चुकली नाही. गाठ वर सरकवताना खालच्या मानेने पुटपुटली, "हलू नको ना रे." मी श्वाससुद्धा घेतला नाही.

मग तिने गाठ न सोडता टाय अलगद डोक्यावरून काढला. सत्यवतीबाईंनी तो घेतला नाही. तिच्याच हातात राहू दिला आणि म्हणाल्या, "चल गो सूनबाय. घरा चल."