सोळापैकी सोळा मुद्दे

३ जून १९७४
संकल्प. एक, डोकं तापवायचं नाही. दोन, बकरी ईदच्या आत जुलेखाशी लग्न. तीन, कॉलेजचा विषय बंद. (सरांच्या अंगावर जर्नल फेकलं त्याला कारण होतं.)
वीज कंपनीत टेंपररी टायपिस्ट होऊन महिना झाला. जुलेखा आमचे वायरमन नबीलालचाचा यांची मुलगी. मॅट्रिक, टायपिंग पास. अजून बोललेली नाही. पण काल चाचांचा डबा घेऊन आली तेव्हा माझ्याकडेच बघत होती. मी दार अडवून उभा होतो हे खरं.

६ जून
विद्युत निरीक्षक सबस्टेशन तपासून गेले. सोळा दोष. पंधरा दिवसांत पूर्तता कळवा, नाहीतर सप्लाय बंद. आमचे इंजिनिअर हंबीरराव घामाघूम. म्हटलं, साहेब, उत्तर मी करतो. म्हणाले, कर बाबालाल, फकस्त त्यांचं समाधान झालं पायजे.

८ जून
मुद्दा नऊ: वायरमनचे रबरी हातमोजे चिरलेले, बदला. चाचांनी मोजे आणून दाखवले. बोट आरपार. म्हणाले, नव्या जोडीचं तेवढं बघ की गा. म्हटलं, झालं समजा.

११ जून, दुपारी तीन
मोजे खरेदी करायचे तर आधी मंजुरी, मग टेंडर. सहा महिने जाणार. टाइप केलं: नवीन हातमोजे पुरविण्यात आले. बाकीचे पंधराही असेच. हंबीररावांनी न वाचता सही केली. काम आधी कागदावर होतं, मग जागेवर, असं माझं मत.

२१ जून
निरीक्षकांचं पत्र. पूर्तता समाधानकारक. सोळापैकी सोळा. कॉलेजात एवढे कधी पडले नाहीत.
चाचांनी पुन्हा मोजे विचारले. ओरडलो. पहिला संकल्प मोडला. दोन शाबूत.

५ जुलै
चाचांना खांबावर शॉक. उजवा हात कोपरापासून काढला. दवाखान्यात जुलेखा माझ्यासमोर रडली. परक्यासमोर कोण रडतं?

११ जुलै
चाचांना भरपाई नाही. रेकॉर्डप्रमाणे नवे मोजे दिले होते, घातले नाहीत, चूक कामगाराची. ते पत्र मलाच टाइप करायला दिलं. केलं. पण मी गप्प बसणारा नव्हे. म्हटलं, निदान जुलेखाला ऑफिसात घ्या. हंबीरराव म्हणाले, घेऊ की. तू शिकव तिला.
एकाच टेबलावर आम्ही दोघं.

२२ जुलै
फायलिंग शिकवताना तिला माझा अहवाल दाखवला. मुद्दा नऊवर थांबली. विचारलं, ह्ये तुमी लिवलंसा? अभिमानानं हो म्हटलं. म्हणाली, अब्बांना वाटतंय नवं मोजं त्येनीच हरवलं. एका हातानं घरभर हुडकत्यात.
पहिल्यांदाच इतकं बोलली.

१२ ऑगस्ट
निरीक्षक परत आले. माझ्या अहवालाची प्रत आणि चाचांचे चिरलेले मोजे जुलेखानंच त्यांना नेऊन दाखवले होते. म्हणाले, नवे मोजे दाखवा. हंबीरराव म्हणाले, ह्या पोरानं परस्पर टाइप केलं, मला ठावं न्हाय. खाली सही त्यांचीच. पण न वाचता केलेली, हेही खरं.
चाचांची भरपाई मंजूर.

१३ ऑगस्ट
कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं. टाइप जुलेखानं केलंय. दोनदा वाचलं. एक चूक नाही. पोच म्हणून सही कुठं करायची ते तिनं बोट ठेवून दाखवलं.
केली.